द्राक्षांचे केस कापणारी

मी सात हंगाम पाहिलेली एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. वीतभर लांब, चोच बारीक, एका मुठीचा लाल रंग उडालेला. पिंपळगावच्या बाजारातून सरितानं मला आणलं, तेव्हापासून निफाडकडच्या द्राक्षबागांतून आम्ही दोघी विरळणी करत आलो. घडातले दाटीचे मणी मी कापायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. "हिच्या हातची कात्री म्हणजे लोण्यातून सुरी," असं टोळीची मुकादम भागीबाई म्हणायची. मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय.

सरिताची आरोही पाच वर्षांची. अंगणवाडीत तिनं सांगून टाकलं, "माझी आई द्राक्षांचे केस कापते. दिवसभर गार सावलीत!" घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा सरिता पोट धरून हसली होती.

यंदा सरितानं एका रविवारी घरी राहायचं कबूल केलं होतं. पण मणी ज्वारीएवढे झाले की विरळणीला बाग थांबत नाही. रविवारी ती डबा भरू लागली, तशी आरोहीनं मला उचललं आणि बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसलं. कात्री नाही, तर आई जाणार कशी?

डब्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, इथंच तर ठेवली होती!" सरिता फळ्या, कोनाडे धुंडाळत होती. बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला.

"सरे, कात्री काय नवरा हाय का रुसून बसायला?" भागीबाई ओरडली. "चल बस. माझी बोथट हाय ती देते."

गाडी निघून गेली. आरोही मात्र दारातच बसून राहिली, हे तिच्या मुसमुसण्यावरून कळलं.

संध्याकाळी भाकरीसाठी सरितानं डब्यात हात घातला आणि मी तिच्या बोटांना लागले. तिच्या अंगठ्यावर टपोरा फोड आला होता. बोथट कात्री हाताशी भांडते, मित्रांनो.

"का गं लपवलीस?"

"तू घरी राहशील म्हणून." आरोही म्हणाली. "कात्री नव्हती तरी का गेलीस? सावलीत मजा येते म्हणून?"

मला वाटलं, आता धपाटा बसणार. सरितानं पिठाचे हात झटकले. "ये. हात वर कर, पार डोक्याच्या वर. मान पण वर, डोक्यावरच्या घडाकडं बघितल्यागत. मी शंभर म्हणेस्तोवर खाली नाय आणायचे."

वीसपर्यंत आरोही हसत होती. तिसाला तिची कोपरं वाकू लागली. एक्केचाळिसाला हात धपकन खाली आले.

"दुखतात गं!" ती म्हणाली. "तू कितीपर्यंत धरतेस?"

"गाडी परत येईस्तोवर."

आरोही आईच्या मागं गेली आणि इवल्या मुठींनी तिचे खांदे चेपू लागली. जोर काहीच नव्हता. तरी सरितानं डोळे मिटले. भाकरी उशिरानं झाली.

मित्रांनो, मला तेलाचा एक थेंब पुरतो, वर्षभर गंज चढत नाही. माझं काही मागणं नाही. तुमची आई कामावरून दारात आली, की लगेच "काय आणलंस?" म्हणून तिच्या पिशवीला लोंबकळू नका. आधी तिला जरा बसू द्या. दिवसभर वर असलेले हात खाली येऊ द्या.