पाच पानं

तीन महिन्यांत माझी अम्मा पाच वेळा पडली आणि का पडते ते कुणालाच कळेना. वय एक्क्याऐंशी. चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या घरात आम्ही दोघंच, त्यात मी दिवसभर ऑफिसात. पुढच्या वेळी खुबा मोडला तर? या धास्तीनं मी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून खिशात ठेवला होता. ‘पडण्याचे कारण’ ही ओळ आणि सही तेवढी डॉक्टरांची राहिली होती.

अण्णा नगरच्या दवाखान्यात डॉक्टर शेषाद्रींनी तिला खुर्चीतून उठवलं, चालवलं, वळवलं, परत बसवलं. आडवं करून बीपी घेतलं, उभं करून घेतलं. डोळे, चपला, पायांची ताकद, सगळं ठीक. मला तर डोकं आपटावंसं वाटलं. बाथरूमला दांडे मी बसवले, पायपुसणी फेकली, रोज सकाळी इडली वाढून देतो, शुगरची गोळी देतो. आणखी काय करायचं माणसानं?

“कोणकोणत्या दिवशी पडल्या?” डॉक्टर म्हणाले.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोजचं पान मीच फाडतो. अम्मा पडली त्या दिवसांची पानं, मागे वेळ लिहून, मी जपली होती. ती टेबलावर मांडली. पाचही वेळा सकाळी अकराच्या सुमाराला. नर्स कनकानं पानं उलटी करून छापलेला मजकूर वाचला.

“सार, पाचही दिवस एकादशी.”

मी त्या पानांवरची तारीख सोडून कधी काही वाचलं नव्हतं.

“अम्मा, उपास बंद करायला सांगितलं होतं ना मी? आणि इडल्या?”

“कावळ्यांला,” ती खाली बघत म्हणाली. “तू आंघोळीस गेलास की खिडकीत ठेवते.”

“आणि गोळी?” डॉक्टरांनी विचारलं.

“ती हा देतो. गिळेपर्यंत हलत नाही.”

उपाशी पोटी गोळी, म्हणून शुगर उतरायची. ती पडली की शेजारची अलमेलूमामी गोड कॉफी पाजायची. मी धावत येऊन तपासायचो, तोवर शुगर ठणठणीत.

“पण उपास हवाच कशाला?” मी ओरडलोच.

“तुज्या हार्टाच्या आपरेशनाला नवस केला मी. तू जिता आहेस तोवर सोडू कशी?”

मला रडू आलं. खिशातला रुमाल काढला, त्याबरोबर फॉर्मही बाहेर पडला. डॉक्टरांनी तो उचलला, वाचला, पेन उघडलं.

“कारण काय लिहू?”

अम्माला वाटलं दवाखान्याचाच कागद असेल. ती पुढे वाकली.

“चप्पल घसरली म्हणून लिहा, डॉक्टर. गोळीचं नको. पोराला बोल लागेल.”

तो कागद कशाचा हे तिला सांगायची माझी हिंमतच झाली नव्हती. मी तो डॉक्टरांच्या हातातून ओढून घेतला आणि फाडला.