लिफ्टवाल्याची किल्ली

लिफ्ट बंद पडली तेव्हा लिफ्टवाल्याचं नुकसान काय झालं? काहीच नाही. फायद्याची बाजू मात्र भरगच्च: बसायला माझ्या नोंदणीच्या खिडकीशेजारचा बाक, तीन घरांतून येणारे डबे, न मागता सहा कप चहा. आणि काल 'ए लिफ्ट' म्हणून हाका मारणारी माणसं आज 'बाबा' म्हणून हात जोडत होती. दोन वर्षं एक मजलाही न चढता इतकी बढती मिळालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

चमत्कार असा होता. आमच्या प्रसूती विभागात बारा खाटा. त्यातल्या सात नंबरवर बाई लवकर आणि सुखानं मोकळी होते, अशी ख्याती झाली. लिफ्टवाला रोज सकाळी गळ्यातली पितळी किल्ली त्या खाटेच्या दांडीला लावून तीनदा फिरवायचा.

"मी करणारा कोण? किल्ली करते," तो नम्रपणे सांगायचा. "लिफ्टची किल्ली आहे. अडकलेल्याला बाहेर काढणं हिच्या रक्तातच आहे."

"मग ती लिफ्ट का उघडत नाही?" मी एकदा विचारलं.

"लिफ्टमध्ये जीव नाही ना, साहेब."

मी पुढची नोंद लिहायला घेतली.

त्या दिवशी सकाळी बाकावर एक सून कळा सोसत होती. पहाटेच पाणी गेलेलं. शेजारी सासू दोन्ही हातांनी तिचा दंड धरून बसली होती, आणि सात नंबर रिकामा नव्हता. तिथली बाई परवाच बाळंत झालेली; तिला कधी एकदा घरी जाते असं झालेलं, पण घरच्यांनी खाट तिच्या जावेसाठी अडवून धरली होती. जावेला अजून आठवडा अवकाश होता.

नव्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. "काकू, बाळाचे ठोके बघायचेत. दोन नंबर रिकामा आहे, चला."

"दोनवर नाही," सासू म्हणाली. "मागच्या खेपेला तिथंच होती. भिंतीकडे तोंड करून पडलेली. हिनं हाक मारली की आतून कुणीतरी म्हणायचं, ओरडू नकोस. मी दाराबाहेर. ते बाळ आम्ही घरी नेलं नाही, बाई. आता सात मिळेल तेव्हाच हिला उठवीन."

सुनेनं बाकाची कड घट्ट धरली.

डॉक्टरबाईंनी आठवड्यापूर्वीच माझी नोंदवही मागून घेतली होती. मला वाटलं होतं, किल्लीचं पितळ उघडं पडणार. पण आकडे किल्लीच्या बाजूनं निघाले: इतर खाटांवर सरासरी अकरा तास, सातवर आठ. मी हिरमुसलो. बाई म्हणाल्या होत्या, "आकडे खरे आहेत. पण त्यात किल्लीचं नाव कुठं आहे? सातवर आणखी काय आहे ते मी बघते."

आता त्या सासूला म्हणाल्या, "सात नाही मिळत. पण सातचा गुण उचलून दोनवर आणला तर?"

"गुण उचलता येतो?"

"चार पायांचा आहे."

सातच्या उशाशी खिडकीला साखळीनं बांधलेली एक खुर्ची होती. अख्ख्या विभागात तेवढीच. तिच्यावर आमच्या आयामावशी पट्ट्या गुंडाळत बसायच्या. गुडघ्यांनी संप पुकारलेला, जिभेनं नाही. सातवर जी असेल तिचा हात मावशींच्या हातात, घोटभर पाणी, पाठीवर हात, आणि "आली कळ? येऊ दे. गेली बघ." नातेवाइकांना आत मनाई होती. बाकीच्या अकराजणींना सोबत भिंतीची.

"मावशी, खुर्ची घेऊन दोनवर चला."

"मी येते हो, खुर्ची कशी येणार? कुलूप आहे."

"किल्ली कुणाकडे?"

मावशींना नवल वाटलं. "खुर्ची लिफ्टमधली. चोरीला जाऊ नये म्हणून त्यानंच इथं बांधली. किल्ली त्याच्याच गळ्यात की."

दारात जमलेली गर्दी वळली. लिफ्टवाल्यानं छातीवर हात ठेवला. "आज किल्लीचं मौन आहे."

"पोर कळा सोसतेय, बाबा. द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानं सुनेकडे पाहिलं आणि किल्ली काढून दिली. हे त्याच्या जमेला लिहायला हवं. किल्ली एकदाच फिरली, तीनदा नाही. कुलूप उघडलं.

सासू त्या कुलपाकडे बघत राहिली. "म्हणजे आम्ही कुलपाच्या किल्लीला डबे घातले."

"डबे फार चांगले होते, आई," लिफ्टवाला पुटपुटला.

सून दोनवर गेली, मावशी खुर्चीवर. डॉक्टरबाईंनी सासूलाही आत ओढलं. "तुम्ही पाठ चोळा."

"आत मनाई आहे ना?"

"होती."

दुपारी तीनला दोन नंबरवरून बाळाचं रडणं ऐकू आलं, पाठोपाठ सासूचं. मावशी खुर्चीवरून हलल्या तेवढ्यात, सातवर जागा अडवायला ठेवलेली जावेची पिशवी उठली आणि तडक खुर्चीवर येऊन बसली. तिच्या घरच्या दोघांनी खुर्चीला हातही जोडले.

डॉक्टरबाईंनी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "खुर्ची लाकडाची आहे. गुण तिच्यावर बसणाऱ्याचा. जावेबरोबर तुमच्यापैकी कुणीतरी या, आणि तिचा हात सोडू नका. कुठलीही खाट चालेल."

आठवडाभरात अकरा खुर्च्या जमल्या, कचेरीतूनच. आता प्रत्येक खाटेपाशी घरचं एक माणूस बसतं, आणि लिफ्टवाला त्यांना नंबर सांगून आत पाठवतो.

हिशोब मांडायचा तर त्याचे डबे गेले आणि माझी खुर्ची गेली. मी उभ्यानं लिहितो. ही किरकोळ वजावट. खरी किंमत आधीच भरली गेली होती, आणि ती भरणाऱ्या माझ्याच वहीत आहेत: दोन वर्षांत बाकीच्या अकरा खाटांवरच्या सहाशे चौदा बायका, प्रत्येकीच्या नावापुढे एकटीनं काढलेले तास, माझ्याच अक्षरात. सातवर काय आहे हे सगळे विचारत होते. इतर अकरांवर काय नाही, हे मीसुद्धा विचारलं नाही.

त्यातली एक ओळ परवा पुन्हा वाचली, त्याच सुनेच्या मागच्या खेपेची. खाट दोन, चौदा तास.