ती घरं मी बांधली

मकबूलभाईच्या दुकानात बसून सटवाजी चहाचा दुसरा घोट घेणार, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल भोंग्यासारखा ओरडायला लागला. पाठोपाठ शिलाई मशीनवर ठेवलेला मकबूलभाईचाही ओरडला आणि समोरच्या अभ्यासिकेतून तर मोबाईलांचा एकच गलका उठला. काय होतंय हे कळायच्या आत सटवाजी कप टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा होता. पायात चप्पल नव्हती. वरच्या मजल्याकडं बघत तो नातीच्या नावानं हाका मारत होता आणि नात तर या वेळी दोन गल्ल्या पलीकडं क्लासमध्ये होती.

“चाचणी हाय म्हणतंय,” मकबूलभाईनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “सरकारनं पाठवलंय. संकट आलं तर असं वाजणार म्हणे. ये आत, काय झालं न्हाई.”

अभ्यासिकेच्या गॅलरीत आलेली पोरं हसत होती. सटवाजी आत आला, सांडलेला चहा त्यानं चिंधीनं पुसला आणि मशीनशेजारी परत बसला.

सटवाजी कवठाळीचा गवंडी. वय सत्तरीला टेकलेलं. बायको गेल्यापासून गावात त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. नात राजकन्या बारावी झाली आणि नीटच्या क्लासला लातूरला आली, तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून पोरानं त्यालाच धाडलं. मकबूलभाईच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. सकाळी भाकरी-भाजी करायची, पोरीचा डबा भरायचा, मग दिवसभर खाली मकबूलभाईजवळ येऊन बसायचं. राजकन्येनं आपला जुना मोबाईल त्याला दिला होता आणि गावच्या ग्रुपवर त्याला घालून दिलं होतं. ग्रुपचं नाव ‘कवठाळी कट्टा’. गावातली, पुण्याला गेलेली, हैदराबादला गेलेली, सगळी माणसं त्यात होती आणि सगळी कशावर तरी भांडत असायची. चंद्रावर यान पाठवण्यापेक्षा गावात पाणी का आणत नाहीत, मशीन माणसासारखं बोलायला लागलं तर त्याला पाप-पुण्य कळेल का, पोरींच्या होस्टेलात कॅमेरे असावेत का. चौथी शिकलेला सटवाजी ओळीखाली बोट धरून सगळं वाचायचा. स्वतः कधी काही लिहायचा नाही. निम्मं कळायचं नाही, पण ओळखीची माणसं बोलतायत एवढ्यानंच त्याचा वेळ जायचा.

त्या दिवशी साहजिकच विषय निघाला भोंग्याचा. एकानं लिहिलं, सरकार आपल्या मोबाईलमध्ये वाटेल तेव्हा शिरू शकतं, हा त्याचा पुरावा. दुसरा म्हणाला, ज्याच्या मनात काही नाही त्यानं कशाला भ्यायचं. तिसऱ्यानं लिहिलं की हा भोंगा त्र्याण्णव साली असता तर अर्धं गाव वाचलं असतं. त्यावर कुणी म्हणालं, भूकंप आधी कुठल्याच यंत्राला कळत नाही, कुत्र्यांना कळतो. कुणी गावाचं पाप काढलं. मग शिवमूर्ती बोलला. हा पाटलांच्या भावकीतला पोरगा, पुण्यात इंजिनिअर. भूकंपाच्या वेळी पाळण्यात होता.

“भोंगा वाजो नाहीतर कुत्रं भुंको,” त्यानं लिहिलं होतं. “भूकंपानं माणसं मेली नाहीत, घरांनी मारली. दगडमातीच्या एवढ्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. ज्यानं कुणी ती घरं बांधली त्याला जरा जरी शास्त्र कळत असतं, तर आज आपल्याकडं घरोघर हार घातलेले फोटो नसते.”

खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

सटवाजीनं ते परत वाचलं. ज्यानं कुणी. कवठाळीत असं दुसरं होतं कोण? निम्मी घरं त्याच्या बापानं बांधलेली, उरलेली बहुतेक त्यानं. भिंत जेवढी रुंद तेवढी घराची शान असायची. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा. चोरानं रात्रभर पहार मारली तरी सटवाच्या भिंतीचा दगड निघत नाही, असं लोक म्हणायचे आणि तो मान खाली घालून ऐकायचा. त्या पहाटे त्याची आईसुद्धा अशाच भिंतीखाली गेली. इतकी वर्षं तो समजत होता की जमीन हलली, देवाच्या मनात आलं, झालं. या अंगानं त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

त्यानं मकबूलभाईला विचारलं. मकबूलभाईनं मशीन थांबवलं. “शर्ट मी शिवतो. तो घालून एखादा ट्रकखाली आला, तर गुन्हा माझा का? काहीतरीच डोक्यात घेऊन राहिलास.” सटवाजीला ते पटलं. जिना चढेपर्यंत पटलेलं राहिलं. वर गेल्यावर त्याला वाटलं, पण शर्ट काही अंगावर पडून जीव घेत नाही.

संध्याकाळी राजकन्या जेवायला बसली तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की जमीन हलली म्हणजे जड भिंत टिकती का हलकी? पोरीचं लक्ष उघड्या पुस्तकात होतं. ती म्हणाली, “जेवढं जड तेवढा धक्का जास्त, आबा. आमच्या पहिल्याच धड्यात हाय.” आणि भाकरीचा तुकडा मोडून तिनं पान उलटलं.

पहिल्याच धड्यात. सटवाजीनं भांडी घासली, मोबाईल घेतला आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर आयुष्यातली पहिली ओळ लिहिली: ती घरं मी बांधली.

मग हात जोडलेल्या बाहुल्या आल्या. कुणी लिहिलं, काका, तुमच्याबद्दल नव्हतं. कुणी लिहिलं, त्या काळी कुणाला काय माहीत होतं. आणि मग वाद पुन्हा पेटला. डॉक्टरच्या हातून पेशंट गेला तर दोष कुणाचा? बॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ पापी, का टाकणारा? अज्ञान हा गुन्हा धरायचा का नाही? हैदराबादच्या एकानं लांबलचक लिहिलं, की समजा एक गवंडी आहे आणि त्याला शास्त्र माहीत नाही. सटवाजी वाचत होता. तो त्यांचा ‘समजा’ झाला होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, त्याच्यावर बोलत होते. सकाळी बघितलं तर कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता आणि सगळे केक पाठवत होते.

शिवमूर्तीचा मात्र फोन आला. अवघडून बोलत होता. म्हणाला, आबा, मी आपलं जनरल लिहिलं, तुमचं ध्यानात नव्हतं, मनाला लावून घेऊ नका. सटवाजी म्हणाला, तसं न्हाई, मला एवढंच सांग, मी काय करायला पाहिजे होतं? पोरानं आढेवेढे घेतले, मग सांगितलं. भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली होती, मध्ये नुसती भर. हादऱ्यानं दोन्ही बाजू फाकल्या. प्रत्येक थरात थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड टाकला असता, आणि वरची माती कमी ठेवली असती, तर बरीच घरं तगली असती.

“एवढंच?” सटवाजी म्हणाला.

“एवढंच, आबा.”

लांब दगडांना त्याच्याकडं तोटा नव्हता. ते तो बहुतेक फोडून दोन करायचा, कारण दोन केले की भिंत लवकर उठायची.

आता कुणाशी बोलावं? ग्रुपवर लिहून झालं होतं. मकबूलभाईकडं शर्टाचं उत्तर होतं. ज्याला हे खरं विचारायला पाहिजे ते माणूस ग्रुपवर नव्हतं. सगुणाबाईकडं मोबाईलच नव्हता. तिच्या लग्नाच्या साली तिच्या सासऱ्यानं नवं घर बांधून घेतलं, सटवाजीच्या हातचं सगळ्यात रुंद भिंतीचं. त्या घरात तिची दोन लेकरं आणि सासू गेली. राजकन्येला डबा देऊन, काम आहे म्हणून सांगून, सटवाजी सकाळच्या एस्टीनं नव्या गावाला गेला.

नवं गाव म्हणजे भूकंपानंतर कवठाळीकरांना बांधून दिलेलं, आखीव सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. सगुणाबाई दारात सुपात मूग निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, राजकन्येच्या अभ्यासाचं विचारलं. सटवाजीनं इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, मग शिवमूर्तीनं सांगितलेलं सगळं, आरपार दगडासकट, तिला सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, “तुला काय वाटतं, ते विचाराया आलो.”

तिचे हात मुगात थांबले.

“कुणाला तरी धरावं असं मला लई वाटायचं बघ,” ती म्हणाली. “देवाला धरलं. सासऱ्याला धरलं, त्यानं गणपती बुडवून आल्यावर लेकरांना आत निजवलं म्हणून. मालकाला तर मरोस्तर धरलं. तुला धरायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

सटवाजीला बरं वाटावं की वाईट, ते कळेना.

“आता तू येऊन सांगितलंस,” ती म्हणाली. “आता मी काय करू? ह्या वयात परत पयल्यापासनं सुरू करू का?”

आपण मन हलकं करायला आलो आणि आपलं ओझं तिच्या सुपात टाकून बसलो, एवढंच त्याला उमगलं. तो माफ कर म्हणणार होता, पण ती पुन्हा मूग निवडायला लागली होती. मान वर न करता म्हणाली, “जा. तुझी गाडी चुकंल.”

परतीच्या एस्टीत त्याला काही सुचेना. लातुरात उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगाला क्लासच्या पाट्या, होस्टेलच्या उंचच उंच इमारती. त्या बांधणाऱ्यांना तरी पहिला धडा ठाऊक असेल का, असं त्याच्या मनात आलं आणि उगाच घाबरून तो भराभरा चालायला लागला. घरी आल्यावर त्यानं राजकन्येला ग्रुप बंद कसा करायचा ते विचारलं. तिनं बोटानं दाबून दिला.

दसऱ्यानंतर सगुणाबाईच्या पोराचा, हनुमंतचा फोन आला. भूकंपानंतर झालेला हा एकुलता एक. वैतागल्यासारखा बोलत होता. न्हाणीची भिंत खचलीय, तो म्हणाला, इथं गावात दोन मिस्त्री हायत, पण आई ऐकत न्हाई, तुम्हालाच बोलवा म्हणती. सटवाजीनं सांगितलं की आता माझा हात थरथरतो, ओळंब्याची दोरी धरवत नाही. हनुमंत म्हणाला, “मी सांगितलं तिला तसं. ती म्हणती, थरथरू दे.”

रविवारी सटवाजी गेला. हनुमंतनं सिमेंट आणून ठेवलं होतं, वाळू चाळून ठेवली होती. दगडांचा ढीग मात्र परसात कधीचा पडून होता. सटवाजीनं वरचा दगड उचलला आणि तसाच धरून उभा राहिला. छिन्नीचे घाव त्याच्या ओळखीचे होते. जुन्या घराचे दगड होते ते, त्यानं स्वतः घडवलेले. कंपाउंडला लागतील म्हणून सगुणाबाईच्या मालकानं गाडीतून आणून टाकले होते.

सगुणाबाई समोर पाटावर बसली आणि दगडामागून दगड बघत राहिली. सटवाजीचं काम हळू चाललं होतं. पहिला थर बसला. दुसऱ्या थराला त्यानं ढिगातून लांब दगड हुडकला, हनुमंतच्या मदतीनं आणला आणि भिंतीच्या आरपार आडवा टाकला.

“ह्योच का त्यो?” तिनं विचारलं.

“ह्योच. दोन्ही अंगं धरून ठेवतो.”

“तवा तुला म्हाईत नव्हतं?”

“न्हाई.”

ती उठली, ढिगाकडं गेली आणि खाली वाकून तसलाच दुसरा दगड हुडकायला लागली.

ऊन उतरताना भिंत कमरेवर आली. तेवढीच बांधायची होती. सटवाजीनं थापी धुतली, हातपाय धुतले. हनुमंत त्याला एस्टीपर्यंत सोडायला मोटारसायकल काढत होता. निघताना सटवाजीनं सगुणाबाईला सांगितलं की भिंतीला आठवडाभर पाणी मारायला लागेल, न्हाई तर सिमेंट धरत नाही. ती म्हणाली, मारते की.

गाडीवर बसताना त्यानं वळून बघितलं. सगुणाबाई तांब्या घेऊन न्हाणीपाशी उभी होती आणि भिंतीवर थराथरानं, हळूहळू पाणी सोडत होती. आज नको, उद्यापासून, असं त्याला सांगायचं होतं. सिमेंट अजून ओलं होतं. पण तिचा हात फार सावकाश फिरत होता. “चल,” तो हनुमंतला म्हणाला.