नको म्हणायची रीत

मला माझ्या बहिणीचा वीट आला आहे. डेलियाचा, आणि आम्हा दोघींना 'नको' म्हणायला शिकवणाऱ्या आमच्या क्लेअर परगण्याचाही. आमच्याकडे पाहुणा चहाला दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मुकाट कप पुढे करतो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो. पोटात कावळे ओरडत असले तरी नकोच म्हणायचं. आयर्लंडहून येताना ही घाण समुद्रात टाकून द्यायला हवी होती.

बॉस्टनला आल्यापासून डेलिया सार्वजनिक वाचनालयात आहे. आमच्या वस्तीतल्या शाखेच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं डकवते. लोक पुस्तकात काय वाटेल ते ठेवतात. कुणी खूण म्हणून डुकराच्या मांसाची चिवट कातडीच ठेवतं, कुणाच्या थुंकीनं पानं चिकटलेली असतात. ते सगळं ही सुरीनं खरवडते, आणि वर तो सरसाचा वास. तिच्या कपड्यांत तो इतका मुरलाय की जेवताना मी खुर्ची लांब ओढते. तळघरातल्या ओलीनं तिला खोकला जडला आहे. आणखी एक हिवाळा तिथे काढलात तर छाती कामातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

म्हणून शाखेच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, उन्हाची, शेगडीची. मुख्य कचेरीतल्या एल्ड्रिजसाहेबांनी डेलियालाच बोलावून विचारलं, ही जागा घ्याल का? तर आमच्या राणीसाहेब म्हणाल्या, माझ्याहून लायक पुष्कळ आहेत. साहेब पक्के अमेरिकन. बरं म्हणाले आणि तिच्यासाठी दार उघडून उभे राहिले.

घरी येऊन ही रडवेल्या तोंडानं सांगते, साहेबांनी आग्रहच केला नाही. मला शिसारी आली. त्या साहेबाची आली आणि हिची त्याहून जास्त आली. दोन दिवसांत कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीचं नाव कानावर आलं.

शेवटी मीच गेले, इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला एप्रन अंगावर तसाच ठेवून. साहेबांना म्हटलं, "आमच्यात नको म्हणजे नको नसतं हो. पुन्हा विचारा, असा त्याचा अर्थ."

माणूस वाईट नव्हता. हसला. अजून सही केलेली नाही, उद्या पुन्हा विचारतो, म्हणाला. घरी येऊन मी डेलियाला दम भरला की विचारलं की हो म्हणायचं, पुढे एक शब्द नाही. तिला राग आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि टोपीही न काढता खुर्चीत बसली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, माझ्यासाठी उगाच कशाला त्रास घेता साहेब."

"अगं, मेले, हो म्हणायचं होतं ना?"

"म्हणणारच होते." ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू अक्कल माझीच गहाण पडली आहे. "पण नोरा, त्यांनी दुसऱ्यांदाच तर विचारलं. तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबले, तर ते दारच उघडायला गेले."

मग तिला खोकल्याची उबळ आली. पाणी द्यायला मी उठले नाही.