फायनलच्या दिवशीची नखं

नेटबॉलमध्ये एकमेकींना ओरबाडू नये म्हणून मॅचआधी अंपायर आमची नखं तपासते. दर शनिवारी रांगेत उभं राहून हात पुढे करायचे. फायनलच्या दिवशी माझी नखं वाढलेली होती. विसरले नव्हते, आठवडाभर नेलकटरच दाबता येत नव्हतं.

मला संधिवात आहे. वय पंधरा. तेराव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, आजीपण आलीय का म्हणून. आजी ठणठणीत आहे, अजून शिडीवर चढून सफरचंदं काढते. सकाळी गंजलेल्या बिजागरीसारखी उठते ती मी.

दर शुक्रवारी रात्री इंजेक्शन असतं आणि दुसऱ्या दिवशी मळमळतं. नेमकी शनिवारी मॅच. मग मी माझं प्रसिद्ध डोकं चालवलं. आईला म्हटलं, "मी मोठी झालेय, माझं मी घेत जाईन." आईला कौतुक वाटलं. पुढचे सहा शुक्रवार माझं औषध थेट वापरलेल्या सुया टाकायच्या पिवळ्या डब्यात गेलं.

तिसऱ्या आठवड्यात बोटं सुजली. आमच्या कोच शेरिलला मी सांगितलं, ट्रॅम्पोलिनवरून पडले. पाचव्या आठवड्यातही तेच सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं, विकून टाक ते ट्रॅम्पोलिन!" आमच्याकडे ट्रॅम्पोलिन नाही. खरं सांगितलं असतं तर सगळ्या माझ्याशी जपून खेळल्या असत्या, आणि ते मला सहन झालं नसतं.

तर फायनल. अंपायर पायबसबाई माझ्यासमोर थांबल्या. "टॅम्सिन, ही नखं आहेत की दंताळं? काप, नाहीतर बाहेर बस."

त्यांनी खिशातलं नेलकटर दिलं. मी पाठ फिरवून दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. शेवटी बाकावर ठेवून कोपराने दाबलं. नख जागच्या जागी.

"आण इकडे," म्हणून पायबसबाईंनी घेतलं. त्यांच्याच्यानेही दाबवेना. "माझ्या बोटांत संधिवात आहे, पोरी. तुझं काय?"

"माझंही तेच," तोंडातून निघून गेलं.

दोन्ही संघ बघत होते. शेरिल म्हणाली, "मग ट्रॅम्पोलिन?"

मला मैदानाखाली गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात समोरच्या संघातली मार्नी पुढे आली. मॅचभर मला अडवायचं काम तिचंच होतं. "द्या ते," म्हणाली आणि मला बाकावर बसवून माझी नखं कापू लागली.

"माझ्या धाकट्या भावालाही आहे. तुझा इंजेक्शनचा वार कोणता?"

"शुक्रवार."

तिचा हात थांबला. "आणि मॅच शनिवारी? येडी आहेस का? तो शनिवारी फुटबॉल खेळतो. नर्सला विचारून त्याने वार बदलून घेतला. रविवार केला."

दोन वर्षं! दोन वर्षांत मला हे सुचलं नाही. कुणाला काही विचारायचं तर आधी सांगावं लागतं ना.

सुजलेला डावा अंगठा तिने इतक्या हळू धरला की मला समजलंही नाही. मग शिट्टी झाली आणि त्याच मार्नीने माझ्याकडे येणारा एकेक चेंडू मधेच पळवला. जरासुद्धा दया नाही. मध्यंतराला शेरिलने मला बसवलं, मी वाद घातला नाही. आम्ही नऊ गोलांनी हरलो. मी रडले, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

दुपारी कामावरची पाळी संपवून आई घ्यायला आली. गाडीत मी तिला पिवळ्या डब्याचं सगळं सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली.  मग माझे हात हातात घेऊन बोटं एकेक करून पाहिली.

"नखं मात्र छान कापलीस," ती म्हणाली. 

"मी नाही कापली," मी म्हटलं.