सहावा थर

दादा आयुष्यभर माझ्याशी एकाच गोष्टीवरून भांडला, कोटाच्या खांद्यावरून. दुकान दोघा भावांचं, कात्री त्याची, शिलाई माझी, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना आमची जुंपलेली. मी म्हणायचो, खांद्यात कापसाचं पॅड घालू, माणूस भारदस्त दिसतो. तो म्हणायचा, "अरे, खांदा माणसाचा असावा, कापसाचा कशाला? आत काही भरू नकोस, मऊ सोड." चाळीस वर्षं हेच. माझा राग नाकावर. तो शांत, म्हणून जास्तच डोक्यात जायचा.

आणि त्या दिवशी तोच दादा कापायच्या टेबलाला टेकून म्हणाला, "माझ्या कोटाला पॅड घाल. चांगलं जाड."

जिंकलो की मी! आग लागो असल्या जिंकण्याला.

पोटातल्या दुखण्याने सहा महिन्यांत त्याला निम्मा केला होता. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. त्याच्या एकुलत्या एक लेकीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि फोनवर हा "ठणठणीत आहे गं" म्हणून मोकळा. रविवारी तिचं लग्न होतं, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याबरोबर परदेशी जायचं होतं, वर्षभरासाठी.

"कळलं तर ती जायचीच नाही," दादा म्हणाला. "माझ्या उशाशी बसून राहील. आईच्या वेळी बसलीच होती ना, शाळा बुडवून? पुन्हा नको रे."

"आणि थोबाडाचं काय? गालात कुठलं पॅड घालू?"

"दाढा काढल्या म्हणून सांगू."

स्वतःच हसला मेला. मलाही हसू आलं, आणि मग टेप शोधायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

माप घेतलं. खांद्याची रुंदी जुन्या वहीत होती तेवढीच निघाली. हाड थोडंच आटतं! पण हाडाभोवतीचं मांस गेलं होतं आणि टेप मधल्या खळग्यात पडत होती. नेहमीच्या पॅडात आम्ही कापसाचे तीन थर टाचतो. मी पाच टाचले. शनिवारी कोट घालून पाहिला, तर तेवढ्या चार दिवसांत तो आणखी उतरलेला. बाहीची शिवण खाली घसरत होती. मग मी सहावा थर घातला, आणि जाडी कळू नये म्हणून ओलं फडकं ठेवून त्यावर इस्त्री अशी दाबली, अशी दाबली, की माझ्या बोटांनासुद्धा तो लागेना. खोटं कशाला बोलू, स्वतःच्याच हातावर खूश झालो मी.

रविवारी नोंदणी कचेरीत दादा आला तो जुना दादा होऊन. सह्या झाल्या, फोटो झाले, दाढांची थापही खपली. निघायच्या वेळी पायऱ्यांवर लेकीने त्याला मिठी मारली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई गेल्यावर ही पोर आमच्या टेबलाखालीच वाढली होती. शाळेतून आली की पॅडं टाचायला बसायची. डोळा फसतो, तळहात फसत नाही, खांदा हात ठेवून बघायचा, हे दादानेच तिला शिकवलं होतं. अख्ख्या दुनियेत जिच्यापासून हे लपणार नाही अशी एकच, आणि आम्ही दोघे थेरडे तिच्यापासूनच लपवायला निघालो होतो!

तिचा हात त्याच्या खांद्यावर थांबला. बोटं हळूच रुतली. एकदा, मग पुन्हा एकदा. तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कोट काय सुरेख बसलाय, बाबा," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "मला घ्यायला याल, तेव्हा हाच घालून या."

आणि गेली.

घरी येताना दादाने माझा हात घट्ट धरला. "कळलं नाही रे तिला."

"छे! झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो.

त्यानंतर तो अठरा दिवस जगला. ती धावत आली, पण सगळं आटपल्यावर. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तिने कोट मागितला. लहान कात्रीने खांद्यापाशी अस्तर उसवलं, पॅड काढलं आणि टेबलावर एकेक थर सोडवत गेली.

"सहा," ती म्हणाली.

"हो."

"मला पाच लागले होते, काका." ती खाली बसली. "वाटलं, पाच म्हणजे अजून वेळ आहे. आत्ता गेले तर बाबांचं मन राहील, दोन महिन्यांनी सुट्टी काढून येईन. सहा लागले असते ना, तर त्या पायऱ्या उतरलेच नसते मी."

मी टेप गुंडाळत राहिलो. एरवी माझं तोंड बंद करायला दादा लागायचा.

तिने तो शेवटचा थर चिमटीत धरून उजेडाकडे नेला. कागदासारखा पातळ झाला होता.

"हा इतका कुणी दाबला?" तिने विचारलं.

दुकानात इस्त्री माझ्याकडे असते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.