विहिरीतलं पिल्लू

होळीच्या दुसऱ्या दिवशी मोटारीचा पाइप काढताना चंपतराव विहिरीत पडला. तो पट्टीचा पोहणारा, पण पडताना डोकं दगडावर आपटलं आणि तो जागीच गेला. तेव्हापासून त्याची बायको बयनाबाई त्या विहिरीकडे फिरकली नाही. दीर महिपत म्हणाला, "वैनी, बुजवून टाकू." तिनं मान डोलावली.

आज तामसीहून राजकुमार जेसीबी घेऊन आला. पहिला मुरूम आत पडला, तसे दोन पारवे फडफडत बाहेर आले. पण लांब गेले नाहीत. काठावर बसायचे, उडायचे, पुन्हा आत शिरायचे.

"थांब रे!" बांधावरून बयनाबाई ओरडली. "आत पिल्लं हायेत."

"काकू, पारवेच त हायेत. मले अजून बोथ गावाले जा लागते."

ती विहिरीकडे चालू लागली. काठाशी पालथी पडून पोटावर सरकत पुढं गेली. खाली हिरवट पाण्यावर एक पिल्लू मरून तरंगत होतं. दुसरं अर्ध्या तुटलेल्या कपारीत भिंतीला चिकटून होतं. पंख भरले होते, मानेवरची पिवळी लव मात्र अजून गेली नव्हती.

राजकुमारनं इंजिन बंद केलं. महिपत कुरकुरला, "काऊन टाइम घालवून राह्यली, वैनी?"

पिल्लू कडेपर्यंत यायचं, पाणी दिसलं की मागं सरायचं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पायाखालचा दगडच निसटला. ते कोसळलं, पाण्याला टेकता टेकता पंख उघडले, समोरच्या भिंतीवर धडकलं आणि तिथल्या लोखंडी कडीवर कसंबसं टेकलं. चोच उघडी, सगळं अंग कापत होतं.

"खाली पाहू नोको," बयनाबाई पुटपुटली. "वर पाह्य, वर."

बराच वेळ ते हललं नाही. मग आपणहून कडी सोडली. भिंतीला पंख घासत, गोल फिरत, फेरीगणिक हातभर वर चढत आलं आणि तिच्या डोक्याजवळ काठावर आदळलं. थोडा वेळ धापा टाकत बसलं, अन् बाभळीकडे उडालं.

"झालं न काकू?" राजकुमारनं विचारलं.

"अजून एक हाय खाली."

"ते त मेलं."

"हो," ती म्हणाली, पण उठली नाही. महिपतनं दंडाला धरून तिला बाजूला नेलं.

दिवस मावळायच्या आत विहीर बुजली. पारव्यांची जोडी त्या सपाट मातीवर उतरून इकडून तिकडं चालत होती. महिपतनं दोनदा हाक मारली, तरी बयनाबाई बांधावरून हलली नाही.